कॅल्शियमच्या गोळ्या

बारशाच्या आदल्या दिवशी संगीताताई वाणगावहून आल्या त्या सहाण घेऊनच. रिक्षातून आधी सहाण उतरली, मग बाळगुटीची पिशवी, मग मधाची बाटली आणि सगळ्यात शेवटी त्या स्वतः. आनंदीबाईंनी ओट्यावरून हे पाहिलं आणि उद्याचा दिवस काही सरळ जात नाही, हे त्या समजून चुकल्या.

नणंद-भावजयींचं गेल्या गणपतीपासून जरा बिनसलेलंच होतं. संगीताताईंनी सगळ्या पंगतीसमोर आनंदीबाईंच्या मोदकाला 'लाडू' म्हटलं होतं. तेव्हापासून दोघींचं बोलणं चालायचं ते अण्णांमार्फत. अण्णा बहिणीचा निरोप बायकोला सांगायचे, बायकोचा बहिणीला, आणि मध्ये दोन्ही निरोप इतके मऊ करून टाकायचे की भांडण पुढेही सरकत नव्हतं आणि मिटतही नव्हतं.

पण बारसं म्हटलं की संगीताताईंना डावलून चालणार नव्हतं. आनंदीबाईंच्या प्रितमला सख्खी बहीण नाही, त्यामुळे त्याच्या मुलाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याबाईंकडेच होता. आणि मान आला की त्या तो चारी बाजूंनी पुरा वसूल करत.

"जागृती कुठाय? बाळाला आण बघू. आधी गुटी, मग चहा," पायावर पाणी घेता घेताच त्या म्हणाल्या.

जागृती बाळाला घेऊन बाहेर आली. बोर्डीला माहेरी सव्वा महिना काढून ती नुकतीच नरपडला परतली होती. बाळंतपणाने अंगावर तेज आलं होतं, पण डोळे झोप न झाल्यासारखे. तिने वाकून नमस्कार केला आणि सरळ उभी राहून म्हणाली, "आत्या, गुटी नको. डॉक्टरांनी अंगावरच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही म्हणून सांगितलंय. मध नाही, पाणीसुद्धा नाही."

"पाणीसुद्धा नाही?"

"नाही."

"मग बाळ पितं काय?"

"दूध."

"आणि तहान लागली तर?"

"दूध."

झोपाळ्यावर बसलेल्या अण्णांनी पाय टेकून झोपाळा थांबवला. आनंदीबाईंना खरं तर गुटीबद्दल काही आक्षेप नव्हता. प्रितमला त्यांनी स्वतः उगाळून पाजली होती. पण या घरात संगीताताईंना कुणी 'नाही' म्हटल्याचं त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं. तो शब्द त्यांना इतका गोड लागला की त्या आपसूक सुनेच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"डॉक्टर सांगतात तर ऐकावं, वन्सं."

"तुम्ही कधीपासून डॉक्टरचं ऐकायला लागलात, वहिनी?"

"नातू झाल्यापासून."

संगीताताईंनी सहाण उचलली आणि पदराखाली घेतली, जणू तिचा कुणी अपमान केला होता. "बराबर," एवढंच त्या म्हणाल्या. वाणगावच्या बाजारात गुजराती व्यापाऱ्यांशी आयुष्यभर घासाघीस करून हा शब्द त्यांच्या तोंडात बसला होता, आणि तो ज्या सुरात निघे त्यावरून पुढे काय वाढून ठेवलंय ते घराला कळत असे. आजचा सूर चांगला नव्हता.

दुपारी जेवणं उरकली. आनंदीबाई घुगऱ्यांसाठी हरभरे भिजत घालत होत्या, तोच संगीताताई स्वयंपाकघरात आल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं. गणपतीनंतर प्रथमच दोघी एका खोलीत एकट्या होत्या.

"भांडायला नाही आले," संगीताताई म्हणाल्या. "तुमच्या भल्याचं दाखवायला आलेय." आणि त्यांनी पदराआडून एक पांढरी प्लॅस्टिकची बाटली काढली. बाटलीवरचं लेबल नखाने खरवडून काढलेलं होतं. आत मोठ्या, लांबट गोळ्या खुळखुळत होत्या. "सुनेच्या कपाटात शतावरीच्या डब्यात होती. खाली ही, वरून शतावरी."

"तुम्ही तिच्या कपाटात हात घातलात?"

"शतावरी पुरते की नाही बघायला गेले होते. बाळंतिणीचं बघायला नको? आता मला सांगा, चांगल्या औषधाचं लेबल कोण काढतं? या दूध आटवायच्या गोळ्या आहेत. किंवा पुन्हा पोर होऊ नये म्हणूनच्या. म्हणून गुटी नको, म्हणून मध नको. मला नाही म्हणणारी पोरगी काहीतरी लपवणारच. बराबर?"

आनंदीबाईंनी हरभऱ्यांवर ताट झाकलं. त्यांनाही एक दिसलं होतं. जेवण झालं की जागृती उगाचच खोलीत जायची, दाराला कडी लागायची, आणि बाहेर येताना ती ओठ पुसत असायची. आनंदीबाईंना वाटत होतं, पोरगी चोरून चॉकलेट खाते. बाळंतिणीला खावंसं वाटतं, त्यात काय, म्हणून त्या गप्प होत्या.

"संध्याकाळी जतीन येतोय," संगीताताई म्हणाल्या. "त्याला दाखवते. तो एका नजरेत सांगेल." जतीन त्यांचा मुलगा. वाणगावला स्टेशनजवळ त्याचं औषधांचं दुकान होतं. "मग उद्या पाहुण्यांसमोर काय बोलायचं ते मी ठरवीन." बाटली पुन्हा पदराआड गेली.

आनंदीबाई हात पुसत सुनेच्या खोलीत गेल्या. जागृती बाळाची लंगोटं घडी करत होती.

"तुझ्या शतावरीच्या डब्यातली बाटली वन्संच्या हातात पडलीय."

जागृतीने ऐकलं, तरी उठून कपाट उघडून पाहिलं. डबा पाहिला. मग पलंगाच्या कडेला बसली. "आई, त्यातली एक मला आज रात्री जेवणानंतर घ्यायचीच आहे," ती म्हणाली. "काहीही झालं तरी."

"कसली आहे ती?"

जागृतीने रिकाम्या डब्याचं झाकण लावलं.

"हे बघ, जतीन संध्याकाळी येतोय. तो ओळखणार. त्याच्याकडून कळण्यापेक्षा तू सांग."

जागृतीने दाराकडे पाहिलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "एचआयव्हीची."

आनंदीबाईंनी तो शब्द एसटी स्टँडच्या भिंतीवर वाचला होता, सरकारी दवाखान्याच्या फलकावर वाचला होता. त्याला आपल्या घराचा पत्ता ठाऊक असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. खोलीत शेपा-ओव्याच्या धुरीचा वास होता, दोरीवर इवलीशी झबली वाळत होती, आणि त्यात हा शब्द येऊन बसला होता.

"पोटुशी असताना पहिल्याच रक्तात कळलं," जागृती सांगू लागली. "मग त्यांचंही तपासलं. त्यांनाही आहे. आम्ही दोघंही गोळ्या घेतो."

"कुणाकडून कुणाला?"

"ते विचारायचं आम्ही सोडून दिलंय, आई. सुरुवातीला तेच विचारत होतो एकमेकांना. मग एक दिवस बाळ पोटात हललं, आणि त्याचं काय होईल एवढंच विचारायला लागलो."

"आणि त्याचं काय?" आनंदीबाईंनी बाळाकडे पाहत विचारलं.

"मी रोज न चुकता गोळी घेतली तर बहुतेक करून बाळाला होत नाही. त्यालाही औषध देते, ते थेंब. तुम्हाला व्हिटॅमिन म्हणून सांगितलं होतं ते. बारसं झालं की त्याचं रक्त तपासायला न्यायचंय. आणि अंगावरचं दूध द्यायचं तर तेवढंच द्यायचं, त्यात वरचं काही मिसळायचं नाही, असं सिस्टर म्हणाल्यात. म्हणून आत्यांना नाही म्हटलं. उर्मटपणा नव्हता तो." ती थांबली. मग जे सांगायचं नव्हतं तेही तिने सांगून टाकलं. "माहेरी माझ्या गोळ्या चुकल्या. आई माझ्याच खोलीत निजायची. पाणी मागितलं की वहिनी विचारायची, आत्ता कशाला? बाथरूममध्ये जाऊन नळाच्या पाण्याने घ्यायचे. मग बाहेर कुणीतरी दार वाजवायचं. काही वेळा राहूनच गेली. फोनवर सिस्टर चिडल्या नाहीत, पण म्हणाल्या, अशी चुकत राहिली तर गोळीचा उपयोग होईनासा होतो. तेव्हापासून मला झोप नाही."

बाळ कुरकुरलं. जागृतीने त्याला उचललं आणि सवयीने सासूपुढे धरलं.

आनंदीबाईंचे हात पुढे आले नाहीत. एवढासाच वेळ गेला असेल, पण जागृतीला ते दिसलं. ती बाळाला परत छातीशी घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली.

आनंदीबाई मागच्या दाराने बाहेर पडल्या. पडवीलगत काळ्या पिशव्यांतल्या कलमांची रांग होती. जांभूळ, आवळा, काजू, परत काजू. प्रितम महिन्याच्या महिन्याला तलासरीला कलमं आणायला म्हणून जायचा, एखादं कलम घेऊन यायचा आणि ते तिथेच ठेवून द्यायचा. लावायचं नाही तर आणतोस कशाला, म्हणून त्या त्याला किती बोलल्या होत्या. आता त्यांना उलगडा झाला. डहाणूच्या दवाखान्यात नरपडचं निम्मं गाव भेटतं. तलासरीला कुणी ओळखत नाही. आणि दवाखान्यातून रिकाम्या हाताने घरी कसं यायचं?

प्रितम वाडीत जाळीच्या काठीने चिकू उतरवत होता. आईचा चेहरा पाहून त्याने काठी झाडाला टेकवली.

"कळलं?" तो म्हणाला.

"कळलं. तू तरी चुकवत नाहीस ना?"

"नाही. मी रात्री जेवल्यावर इथे वाडीत येऊन घेतो. मला कोण विचारतंय? तिचं तसं नाही. तिने घरात पाण्याचा पेला उचलला तरी चौघी विचारतात, काय होतंय म्हणून."

त्या चौघींत आपण पहिल्या, हे आनंदीबाईंच्या लक्षात आलं. पोराच्या पाठीवरून हात फिरवावा असं त्यांना वाटलं, आणि या वेळी हात अडखळला नाही. प्रितमने मान फिरवली. तो लहानपणीही असाच रडायचा, कुणाला दिसू न देता.

"तलासरीला पुढच्या वेळी मी येते," त्या म्हणाल्या. "आणि ती कलमं लावून टाक. काजू फार झालेत."

घरात येऊन त्या थेट जागृतीच्या खोलीत गेल्या. "दे त्याला इकडे. तू जरा पड," त्या म्हणाल्या. जागृतीने मान वर करून पाहिलं. आनंदीबाईंनी बाळ घेतलं, खांद्यावर टाकलं आणि त्याच्या टाळूचा वास घेतला. वास नेहमीचाच होता. बाळाने त्यांच्या पदरावर दुधाची गुळणी काढली. "बापावर गेलाय," त्या म्हणाल्या, आणि जागृती कितीतरी वेळाने हसली.

आता प्रश्न बाटलीचा होता.

संगीताताई माजघरात आडव्या झाल्या होत्या, बाटली ठेवलेली पिशवी डोक्याखाली घेऊन. आनंदीबाई चवड्यांवर चालत गेल्या, वाकल्या आणि पिशवीचा बंद दोन बोटांनी हळूच ओढू लागल्या. पिशवी थोडी सरकली. तेवढ्यात संगीताताईंचा एक डोळा उघडला.

"उशी हवीय का, वहिनी?"

"डास होता."

"मेला का?"

"उडाला."

"बराबर," म्हणून संगीताताईंनी पिशवी पोटाशी घेतली आणि कूस बदलली.

मग एकच वाट उरली. आनंदीबाई मोबाईल घेऊन विहिरीपर्यंत गेल्या. घरातून फोन करायची सोय नव्हती, कारण अण्णांना कमी ऐकू यायचं आणि ते कुणाचाही फोन स्पीकरवर टाकायचे. पण जागृतीला न विचारता हे तिसऱ्या माणसाला कसं सांगायचं? त्या अर्ध्या वाटेवरून परत आल्या, खोलीत डोकावून म्हणाल्या, "जतीनला सांगू का? तो ओळखणारच आहे. निदान आपल्या बाजूने ओळखेल." जागृती पलंगावर उठून बसली. मग तिने मान हलवून हो म्हटलं.

"जतीन, मामी बोलतेय. तुझी आई तुला एक गोळी दाखवील. सरकारी दवाखान्यातली आहे, रोज न चुकता घ्यायची. कसली आहे ते तुला कळेल. कळलं तरी कळू देऊ नकोस."

तिकडे दुकानातला गलका ऐकू येत होता. "पांढरी आणि लांबट आहे का?" जतीनने विचारलं. आनंदीबाईंनी हुंकार दिला. "बरं. जागृती वहिनी?"

"हो."

"मामी, घाबरू नका. रोज घेतली तर ती चांगली म्हातारी होईल. तुमच्यासारखी गुडघ्यांची कटकट करील. फक्त रोज घ्यायला हवी."

संध्याकाळी जतीन स्कूटरवरून आला. चप्पल काढायच्या आत संगीताताईंनी बाटली त्याच्या हातात दिली. ओटीवर सगळेच होते. जागृती उंबऱ्यात बाळाला घेऊन उभी होती आणि तिच्या मागे आनंदीबाई. जतीनने झाकण उघडलं, गोळी दिव्याखाली धरून पाहिली आणि म्हणाला, "कॅल्शियम."

"नीट बघ."

"नीटच बघितलं. बाळंतिणीचं कॅल्शियम. हाडांसाठी. यात लपवण्यासारखं काही नाही."

"मग लेबल का खरवडलं?"

जतीनने मामीकडे पाहिलं. आनंदीबाई पुढे झाल्या. "मीच म्हटलं काढायला. किंमत बघून तुमचे अण्णा बोलले असते." अण्णांना नीट ऐकू गेलं नाही, पण आपलं नाव निघालं म्हणून त्यांनी मान डोलावली. त्याने पुरावा पक्का झाला.

सगळं निभावलं असं वाटत असतानाच संगीताताईंनी मुलाच्या हातातून बाटली काढून घेतली. "हाडांसाठी ना? मग मलाही बरी. माझे गुडघे बघतोस ना तू? मुलाचं दुकान आणि आईला एक कॅल्शियम मिळत नाही." एक गोळी त्यांच्या तळहातावर आली, आणि दुसरा हात तांब्याकडे गेला.

जागृती उंबरा ओलांडून पुढे आली. जतीनने आईचं मनगट धरलं. "आई, ती तुझी नाही."

"का? माझी हाडं वेगळी आहेत?"

"वयाप्रमाणे वेगळी येते."

"माझं वय काढतोस?"

"तुझी जास्त ताकदीची असते. भारीतली. स्कूटरच्या डिकीत आहे, आणलीच आहे मी तुझ्यासाठी."

भारीतली म्हटल्यावर संगीताताईंचा हात सैल पडला. जतीन धावत जाऊन दुकानातून घरी न्यायला ठेवलेली खरी कॅल्शियमची बाटली घेऊन आला. आनंदीबाईंनी तेवढ्यात सुनेची बाटली तिच्या हातात दिली. पण संगीताताई आता वेगळ्याच विचारात पडल्या होत्या. चूक झाली हे तोंडाने कबूल करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि चुकल्यावर गप्प बसणं तर त्याहून नव्हतं. अशा वेळी त्या कारभार हातात घेत.

"आजपासून जेवण झालं की सगळ्यांनी इथेच बसून गोळ्या घ्यायच्या," त्यांनी जाहीर केलं. "कुणी खोलीत जाऊन नाही, कुणी कपाटात ठेवून नाही. ही जागृती चोरासारखी गोळी खाते, हे बरं दिसतं का? घरातली सून आहे. वहिनी, तुमची बीपीची कुठाय?"

"फडताळात."

"आणा. अण्णा, तुमची?"

"काय?"

"गोळी, गोळी."

जेवणं झाली. उष्टी निघाली. ओटीवर सगळे गोल बसले, मध्ये पाण्याची घागर आणि पेले. अण्णांची लाल गोळी, आनंदीबाईंची बारीक गुलाबी, संगीताताईंची भारीतली. प्रितम आला, क्षणभर दारात घुटमळला, मग खिशातून आपली गोळी काढून बसला. "तुलाही कॅल्शियम?" संगीताताईंनी विचारलं. "चिकू उतरवून पाठ धरते, आत्या," तो म्हणाला. "बराबर. बापाचीही धरायची."

संगीताताईंनी स्वतः पेला भरला आणि जागृतीपुढे धरला. "घे. भीती कुणाची आहे?"

जागृतीने गोळी तळहातावर घेतली. इतके महिने तिने ती कुणासमोर घेतली नव्हती. आजच्या दिवसापर्यंत नवऱ्याशिवाय घरातल्या कुणी त्या गोळीचा रंगसुद्धा पाहिला नव्हता. आता दिव्याच्या उजेडात, सगळ्या घराच्या डोळ्यांदेखत ती तिने तोंडात टाकली आणि पेला पुरा संपवला. आनंदीबाई तिच्या गळ्याकडे बघत होत्या. घोट उतरला, आणि पोरीचे डोळे भरून आले.

"अडकली का?" संगीताताईंनी विचारलं.

"नाही, आत्या. गेली."

दुसऱ्या दिवशी बारसं थाटात झालं. संगीताताईंनी बाळाच्या कानात 'ऋग्वेद' म्हणून सांगितलं आणि लगेच मोठ्याने सगळ्यांना ऐकवलं, कारण कानात सांगितलेलं लोकांना कळत नाही. मधाचं बोट पुढे आलं तेव्हा जतीन म्हणाला, "आई, मला पाजलास ना मध? मग बघ मी कसा झालोय." पाहुण्या हसल्या आणि ते बोट संगीताताईंनी स्वतःच चाटून टाकलं. जाताना सहाण मात्र त्यांनी इथेच ठेवली. सहा महिन्यांनी लागेल म्हणाल्या.

ऋग्वेदचं रक्त तपासायला तलासरीला गेले तेव्हा आनंदीबाई मांडीवर बाळ घेऊन गेल्या. सुई टोचली तेव्हा त्याच्यापेक्षा त्याच जास्त कळवळल्या. पहिला रिपोर्ट चांगला आला. पुढच्या तपासण्या व्हायच्या आहेत, दूध सुटेपर्यंत थांबायचं आहे, हे सिस्टरांनी समजावून सांगितलं, आणि आनंदीबाईंनी दोनदा विचारून घेतलं. येताना प्रितमने कलम घेतलं नाही. संगीताताईंना खरं सांगायचं की नाही, हे जागृतीने ठरवायचं, असं सासू-सुनेत ठरलं होतं. जागृती म्हणाली, सांगेन, पण अजून नाही.

संगीताताईंना मात्र थांबायला वेळ नव्हता. त्या वाणगावला परतल्या त्या दिवसापासून रोज जेवणानंतर त्यांचा फोन येऊ लागला. मोदकांचा विषय मागे पडला, मधले अण्णाही सुटले. अण्णांचं काम फक्त फोन स्पीकरवर टाकायचं.

"जागृती, घेतलीस का गोळी?"

"घेते, आत्या."

"घेते नको. माझ्यासमोर घे. मीही हातात घेऊन बसलेय."

मग जागृती फोनजवळ पेला नेऊन गोळी घ्यायची, तिकडे वाणगावला संगीताताई आपली घ्यायच्या, आणि आनंदीबाई बाळाला मांडीवर थोपटत दोघींचे घोट ऐकायच्या.

"बराबर," संगीताताई म्हणायच्या, आणि फोन ठेवायच्या.